फ्लोराइडच्या रकान्यातली रेघ

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोंमध्ये माझे हात कुठेही दिसत नाहीत. एकतर पदराखाली आहेत, नाहीतर कुणाच्या तरी पाठीमागे. लग्नाच्या चार दिवस आधी प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटची बाटली बदलताना थोडं द्रावण बोटांवर सांडलं होतं. हे द्रावण दिसायला साध्या पाण्यासारखं असतं. लगेच धुतलं नाही की उजेडात गेल्यावर कातडीवर काळे डाग उमटतात, आणि ते साबणाने, लिंबाने, चिंचेने, कशानेही जात नाहीत. कातडी बदलेपर्यंत वाट पाहायची. मी मेंदी लावून पाहिली, तर मेंदीच्या आतून डाग जास्तच उठून दिसायला लागले. वराकडच्या एका मावशींनी हळूच माझ्या आईला विचारलं, "तुमची मोठी मुलगी खदानीत हाय का?" कोळशाच्या खाणींच्या चंद्रपुरात हा प्रश्न काही वावगा नव्हता.

खदानीत नव्हते. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतल्या विहिरी, हातपंप, नाले आणि तळी यांचं पाणी आमच्या टेबलावर येई. कोणी विचारलं की काय काम करता, तर मी सांगे, "पाण्यात काय विरघळलंय ते ओळखते." समोरचा म्हणे, "पाण्यात काय असणार? पाणीच."

तिथेच तर सगळी गंमत आहे. मिठाचा खडा पाण्यात टाकला की तो दिसेनासा होतो. पण संपत नाही. त्याचे बारीक बारीक, विजेचा भार घेतलेले कण होतात आणि ते पाण्यात सुटे फिरत राहतात. त्यांना आयन म्हणतात. जमिनीखालचं पाणी खडकातून झिरपत येतं आणि वाटेत भेटेल त्या खडकाचं काही ना काही उचलतं. कुठे लोह, कुठे चुना, कुठे आणखी काही. हे डोळ्याला दिसत नाही. आमचं काम म्हणजे असा एक थेंब शोधून काढणं, जो पाण्यात पडला की लपलेला माणूस आपोआप हात वर करेल. मिठातला क्लोराइड असेल तर सिल्व्हर नायट्रेटने पांढरा, दह्यासारखा साका बसतो. लोह असेल तर थायोसायनेट नावाच्या औषधाने लालभडक रंग येतो.

दह्यासारखा हा शब्द पुस्तकातलाच आहे. सिरोंचाहून एक वयस्क मच्छीमार आपल्या तळ्याचं पाणी घेऊन आले होते. मासे मरत होते म्हणून. त्यांना मराठी जेमतेम, मला तेलुगू त्याहून जेमतेम. परीक्षानळीत मी थेंब टाकला, पांढरं जमायला लागलं, तसे ते खुर्चीवरून उठले आणि आनंदाने म्हणाले, "पेरुगु! पेरुगु!" मी घाबरले. पेरुगु म्हणजे दही हे आमच्या शिपायाने सांगितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत परीक्षेचा निकाल इतक्या अचूक शब्दात सांगणारा दुसरा विद्यार्थी मला भेटला नाही.

कोरपन्याकडचे एक गृहस्थ विहिरीचं पाणी घेऊन यायचे ते फक्त भावकीवर फिर्याद करायला. "मॅडम, यात इख टाकलं हाय. लिहून द्या." मी सगळ्या परीक्षा केल्या. निघालं ते नायट्रेट, म्हणजे विहिरीला लागून असलेल्या त्यांच्याच गोठ्याचं शेणमूत. मी कागदावर तसं लिहून दिलं. ते पायरीवर उभे राहून कागद दोनदा वाचून गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. "दुसऱ्या कोनत्या औषधानं पाहा ना."

अशा गोष्टी सांगायला बसले तर संपणार नाहीत, आणि त्या सांगताना मला बरं वाटतं. पण एका गावाची गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नाही. ती लिहायची म्हणूनच हा लेख. गावाचं नाव देत नाही. तिथल्या मुलींची लग्नं अजून व्हायची आहेत, आणि पाण्यावरून सोयरिकी मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

गाव गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या आत. धानाची थोडी बांधी, म्हणजे भातखाचरं, बाकी मोह, तेंदू, हिरडा यांवर चालणारी गोंडांची पंचवीसेक घरं. गावात दोन हातपंप होते. शाळेजवळचा जुना. त्याचं पाणी उपसताना स्वच्छ दिसे, पण तासाभरात भांड्यात लालसर गाळ बसे. त्याला लोखंडाचा वास येई, भात काळपट होई, धुतलेलं धोतर तांबूस होई. त्यात लोह होतं. लोक त्याला "लाल बोरिंग" म्हणत आणि जनावरांना पाजत. दुसरा पंप गावाच्या खालच्या टोकाला, नंतर खोदलेला. त्याचं पाणी काचेसारखं नितळ आणि चवीला गोड. ते "गोड बोरिंग". सगळं गाव तिथूनच पाणी भरे.

एक दिवस त्या गावच्या शाळेच्या गुरुजींचं पत्र आलं. सोबत सरबताच्या प्लास्टिकच्या बाटलीत पाणी. पत्रात लिहिलं होतं की तिसरी-चौथीच्या पोरांचे पुढचे दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे येत आहेत, घासूनही जात नाहीत, कृपया पाहावे.

पत्र वाचूनच मला कळलं होतं. तरी परीक्षा केली. फ्लोराइडची परीक्षा बाकीच्यांपेक्षा वेगळी. बाकीचे आयन रंग आणतात, फ्लोराइड रंग पळवतं. झिर्कोनियम नावाचा धातू आणि एक रंगद्रव्य एकत्र केलं की गुलाबी-लाल रंग तयार होतो. फ्लोराइड आलं की ते झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतं, रंगद्रव्य एकटं पडतं आणि पिवळं दिसायला लागतं. त्याला वेळ लागतो. मी नळी स्टँडमध्ये लावून जेवायला गेले. परत आले तर ती नळी हळदीच्या पाण्यासारखी झाली होती. मोजून पाहिलं तर मर्यादेच्या दुपटीहून वर.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. दात बनत असताना, म्हणजे लेकरू लहान असताना ते पोटात गेलं की दात डागाळतात. खूप वर्षं गेलं की हाडं आखडतात. आणि एकदा डागाळलेला दात पुन्हा पांढरा होत नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही जीपने निघालो. चालक शेंडेभाऊ, मी आणि लाकडी पेटीत माझी औषधं. गावात पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. शाळेच्या ओसरीत टेबल मांडलं. गुरुजींनी गावाला बोलावून ठेवलं होतं. ग्रामसेवकही आले होते. बाया खाली, माणसं भिंतीला टेकून, आणि सगळ्यांच्या पुढे, पाय पसरून बसलेली तानाबाई कुमरे.

तानाबाई साठीची असेल. अंगाने काटक, आवाज मोठा. जंगलातून हिरडे गोळा करून वाळवून विकणारी. गावातल्या बाया तिच्या शब्दाबाहेर नसत. मी पेटी उघडायच्या आत तिने सांगून टाकलं, "पानी मीबी तपासतो, बाई."

"कसं तपासता?"

तिने लुगड्याच्या ओच्यातून वाळका हिरडा काढला, दगडावर ठेचला, चिमूटभर पूड एका वाटीतल्या लाल बोरिंगच्या पाण्यात टाकली. बोटाने ढवळलं. पाणी निळंकाळं झालं, शाईसारखं. मग दुसऱ्या वाटीत गोड बोरिंगचं पाणी घेऊन तेच केलं. ते नुसतं पिवळसर राहिलं.

"काळं झालं थे खराब. नाई झालं थे चांगलं. माहा बापबी असंच पाहे."

मी खरोखर थक्क झाले. हिरड्यातला तुरटपणा आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो. जुन्या काळी शाईच अशी करत. म्हणजे ही बाई लोहाची परीक्षा करत होती, आणि अगदी बरोबर करत होती. मी तसं मोठ्याने म्हटलंही. गाव खूश झालं. मग मी माझी थायोसायनेटची परीक्षा दाखवली. लाल बोरिंगच्या पाण्यात थेंब टाकले आणि नळी रक्तासारखी झाली. "रगत!" असं मागून कोणी तरी म्हणालं. गोड बोरिंगचं पाणी जसंच्या तसं.

"पाहा!" तानाबाई मागे वळून गावाला म्हणाली. "सरकारचं औषदबी तेच म्हनते."

इथपर्यंत सगळं छान होतं. मग मी फ्लोराइडची परीक्षा लावली. दोन नळ्या, दोन्हींत गुलाबी औषध. पाव तास थांबायचं होतं. तोवर मी दातांबद्दल सांगितलं. बाया आपापल्या लेकरांची तोंडं उघडून पाहायला लागल्या. पाव तासाने लाल बोरिंगची नळी गुलाबी होती आणि गोड बोरिंगची पिवळी.

"गोड बोरिंगचं पाणी पिऊ नका," मी म्हटलं. "लाल बोरिंगचं गाळून प्या."

ओसरीत एकदम गलका झाला. जनावरं पितात ते पाणी आम्ही प्यायचं? भात काळा होतो त्याचं काय? तानाबाई उठून टेबलापाशी आली. दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या.

"पिवळं झालं तं काय झालं? गुलाबी चांगलं न् पिवळं खराब, हे कोनं सांगतलं?"

"आजी, हे औषध तसं बनवलेलं आहे."

"बनवलं थे तूनंच. मंग तू सांगशीन तेच होईन ना." तिने नळ्या परत स्टँडमध्ये ठेवल्या. मग म्हणाली, "मी तीन बाटल्या भरून आनतो. एक लाल, एक गोड, एक नाल्याचं. कोनती कोनती हाय मी नाई सांगत. तू वळख. वळखली तं तुहं खरं."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबाने माझ्या परीक्षेची इतकी रास्त परीक्षा घेतली नव्हती. मी हो म्हटलं.

तिने आपल्या नातीला पिटाळलं. वनिता नाव, आठ-नऊ वर्षांची. नाला गावापासून बराच लांब, उतारावर. आम्ही वाट पाहत बसलो. वनिता परत आली ती धापा टाकत. तानाबाईने बाटल्या घरात नेऊन कपड्याने गाळल्या, म्हणजे लाल बोरिंगचा गाळ दिसू नये. तिन्ही सारख्या नितळ दिसणाऱ्या बाटल्या माझ्यापुढे ओळीने मांडल्या. मी तिन्हींत दोन्ही परीक्षा लावल्या आणि पाव तास हात मांडीवर ठेवून बसले.

पहिलीत लोह निघालं. ती लाल बोरिंग. दुसरी पिवळी झाली. आणि तिसरीही पिवळी झाली.

"पहिली लाल बोरिंग," मी म्हटलं. "या दोन्ही गोड बोरिंगच्या."

"चुकली!" तानाबाईने टाळी वाजवून तिसऱ्या बाटलीकडे बोट केलं. "थे नाल्याचं होय!"

सगळी ओसरी हसली. माणसं उठायला लागली. औषध बिघडलं असेल का? नळी नीट धुतली नसेल का? नाल्यातही फ्लोराइड असेल का? शेंडेभाऊ हळूच म्हणाले, "मॅडम, चला निंगू. इथी कोनी ऐकत नाई."

मी पेटी भरायला घेतली तेव्हा माझं लक्ष वनिताकडे गेलं. सगळे हसत होते आणि ती एकटी खांबामागे उभी राहून ओढणीचं टोक चावत होती. मी तिला जवळ बोलावलं. "नाल्याचं पाणी कुठून भरलंस गं, वरच्या बाजूने का खालच्या?"

तिने ओढणीचं टोक सोडलं. "नाल्यावर मी गेलीच नाई," ती म्हणाली आणि रडायला लागली. "लय दूर हाय. दोनी बाटल्या गोड बोरिंगवरच भरल्या."

हसणं एकदम थांबलं. तानाबाईने नातीच्या पाठीत एक धपाटा घातला, बाटली उचलली आणि स्वतः नाल्याकडे चालायला लागली. कोणी तिच्यामागे गेलं नाही, कोणी घरीही गेलं नाही. अर्ध्या तासाने ती घामाने भिजून परत आली. मी नवी नळी धुतली, नवं औषध घातलं, आणि पुन्हा पाव तास. या वेळी सगळे उभे राहून पाहत होते. नळी गुलाबी राहिली. शेवटपर्यंत गुलाबी राहिली.

मला खोटं सांगायचं नाही, त्या क्षणी मी मनात नाचत होते. दोन एकसारखी पाणी ओळखली होती, तीही माझ्याविरुद्ध लावलेल्या डावात. तानाबाईने नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपल्या घरात गेली. मला वाटलं, रागावली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद होता. तिने तो उलगडून टेबलावर ठेवला.

"तुहं औषद खरं हाय. मंग हे काय होय?"

तो आमच्या प्रयोगशाळेचा छापील अहवाल होता. सहा वर्षांपूर्वीचा, गोड बोरिंग नवीन खोदली तेव्हाचा. एकेका आयनाचा रकाना आणि पुढे आकडा. लोह, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, सगळं मर्यादेत. फ्लोराइडच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे एक आडवी रेघ होती. खाली छापलं होतं, 'पिण्यास योग्य'. आणि त्याखाली सही होती. माझी.

मला ते सगळं आठवलं. त्या महिन्यात झिर्कोनियमचं औषध संपलं होतं. मागणी पाठवली होती, माल येत नव्हता. टेबलावर नमुन्यांच्या बाटल्यांची रांग लागली होती. त्या भागात तोवर कुठे फ्लोराइड निघालं नव्हतं. मी फ्लोराइडच्या रकान्यात रेघ मारली. रेघ म्हणजे 'तपासलं नाही' हे मला माहीत होतं. पण वाचणाऱ्याला रेघ म्हणजे 'काही नाही' असंच वाटणार. तिथे 'तपासणी झाली नाही' असे तीन शब्द लिहायला हवे होते आणि सही थांबवायला हवी होती. मी तीन शब्द लिहिले नाहीत आणि सही केली.

कागद गावात आला. तानाबाईने तो जपून ठेवला, कारण त्यात पाणी चांगलं असल्याचं सरकारने लिहून दिलं होतं. तिच्या सांगण्यावरूनच बायांनी नाला सोडून गोड बोरिंगवर पाणी भरायला सुरुवात केली होती.

ग्रामसेवक पुढे आले. "आजी, थे छपाईची चूक असन. हाफिसात होते असं."

"छपाईची नाही," मी म्हटलं. "सही माझी आहे. मी तपासलं नाही आणि चांगलं म्हणून लिहून दिलं."

मला वाटलं होतं, आता शिव्या बसतील. पण तानाबाई माझ्यासमोर उभी होती आणि बोटांवर काही मोजत होती. मग म्हणाली, "माही वनिता तवा दोन-तीन वर्साची असन."

एवढंच. मला माफ केलं असं ती त्या दिवशी म्हणाली नाही, नंतरही कधी म्हणाली नाही. कागदाची घडी घालत तिने विचारलं, "आता प्यावं काय, थे सांग."

ते मला सांगता येत होतं. लाल पाण्यातलं लोह काढणं अवघड नाही. पाणी उंचावरून ओतायचं, म्हणजे त्याला हवा लागते आणि विरघळलेलं लोह गाळ होऊन बाहेर येतं. मग एकावर एक मडकी ठेवायची, वरच्यांत रेती आणि कोळसा, तळाला भोक. खालच्या मडक्यात येतं ते पाणी प्यायचं. त्यानंतर दोन महिने मी दर आठवड्याला त्या गावात गेले. सुट्टीच्या दिवशी एसटीने, तिठ्यावरून पायी. पहिल्या आठवड्यात चार घरांनी मडकी मांडली, त्यातल्या दोन घरांची रेती धुतलेली नव्हती, पाणी आणखी गढूळ आलं आणि गाव पुन्हा हसलं.

अडचण वेगळीच होती. गाळलेल्या पाण्यातलं लोह गेलं की नाही हे रोज कोण पाहणार? मी तर आठवड्यातून एकदा. तोडगा तानाबाईने काढला, आणि तो तिच्या ओच्यातच होता. गाळलेल्या पाण्यात हिरड्याची पूड टाकायची. काळं झालं तर रेती बदलायची. नाही झालं तर प्यायचं. घरोघरी फिरून तीच हे बघायची आणि ज्या घरचं पाणी काळं होई त्या घरच्या सुनेचा उद्धार करायची. माझ्या थायोसायनेटपेक्षा गाव तिला जास्त भ्यायचं. मी अहवालात ही पद्धत लिहिली. साहेबांनी तो परिच्छेद लाल शाईने खोडला आणि शेजारी लिहिलं, 'हिरडा हे मान्यताप्राप्त रसायन नाही'.

ऑफिसात परत आल्यावर मी आणखी एक काम केलं. जुनी रजिस्टरं काढली आणि माझ्या हाताने मारलेल्या रेघा शोधल्या. गोंडपिपरीकडच्या काही, गडचिरोलीतल्या काही. त्या सगळ्या गावांना पत्रं लिहून नमुने पुन्हा मागवले. बहुतेक ठिकाणी पाणी ठीक निघालं. दोन ठिकाणी नाही. त्याबद्दल मला खुलासा मागणारा मेमो मिळाला. मी खुलाशात जे घडलं ते लिहिलं. माझी बढती त्या वर्षी हुकली आणि मला त्याचं वाईट वाटलं, हेही सांगून टाकते.

पाणी पिऊ नये याची खूण म्हणून गोड बोरिंगचा दांडा लाल रंगवला गेला. काही वर्षं बाया तिथे कपडे धूत. पुढे नळयोजना आली. मी निवृत्त झाले. आता प्रयोगशाळेत एक यंत्र आहे, त्यात पाणी घातलं की सगळ्या आयनांचे आकडे छापून येतात. तिथली मुलगी हुशार आहे. मी एकदा भेटायला गेले तर तिने मोठ्या कौतुकाने ते दाखवलं. चांगलंच आहे ते. पण नळीत रंग बदलताना बघत बसण्याचा तो पाव तास तिच्या वाट्याला येत नाही, आणि मला त्याची फार आठवण येते.

मागच्या हिवाळ्यात शेंडेभाऊंच्या मुलीच्या लग्नाला गडचिरोलीला गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "त्या गावात जाऊन येऊ." रस्ता आता डांबरी आहे. तानाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात वनिता होती. तिचा नवरा लमझना म्हणून आलेला, म्हणजे सासरी राहून सासऱ्याच्या शेतात राबणारा, त्यामुळे ती गावातच राहिली. तिने मला लगेच ओळखलं. हसली, आणि हसताना उजवा हात तोंडावर नेला. बोलतानाही तो हात अधूनमधून वर जात होता. तिच्या लक्षातही येत नसावं.

खाटेवर बसलो. पाणी आलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "वनिता, तुला माहीत आहे ना, ते पाणी चांगलं आहे म्हणून कागद मी दिला होता?"

"मालूम हाय ना, मॅडम. आजी सांगे." तिने पाण्याचा पेला बाजूला सारला. "मले लहानपनी वेगळंच वाटे. मी नाल्यावर नाई गेली, खोटी बोलली, म्हनून देवानं माहे दात असे केले, असं वाटे. लय दिवस वाटे. कोनाले सांगतलं नाई."

एवढ्याशा पोरीने ते किती वर्षं एकटीने मनात ठेवलं होतं. मी तिला सांगितलं की दात त्याच्या कितीतरी आधीच बनलेले असतात, त्या दिवशीच्या बाटलीचा त्यांच्याशी काही संबंध नाही, आणि तू खरं बोललीस म्हणून तर गावाला कळलं. ती ऐकत होती. मग ती उठली आणि अंगणात हाक मारली, "ए माया, इकडे ये. मॅडमले दात दाखव."

आठ वर्षांची मुलगी, अंगणात गोट्या खेळत होती. खेळ मोडला म्हणून फुरंगटून आली. तोंड गच्च मिटून उभी. वनिताने दोनदा सांगितलं, तिने दोनदा मान हलवली. शेवटी मीच चष्मा लावला, खाली वाकले आणि बैलाचे दात बघतात तसा अंगठ्याने तिचा वरचा ओठ हळूच उचलला. पुढचे चारही दात पक्के आलेले. पांढरेशुभ्र, एकही पट्टा नाही. मी आणखी नीट बघायला बोट थोडं आत नेलं.

ती कडकडून चावली आणि पळून गेली.

वनिता ओरडत तिच्यामागे धावली. शेंडेभाऊ हसत सुटले. मी बोट धरून खाटेवर बसले. त्यावर चार दातांचे चार ठसे स्वच्छ उमटले होते.